हंडेवालीची भाषा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या व्यंगचित्रकार बाईंचे. शिरूरला त्या पुतळे घडवतात आणि दौंडच्या आमच्या छोट्या वर्तमानपत्रासाठी चित्रं काढतात. आधी माणसाचं डोकं मातीत करायचं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं, मगच कागद घ्यायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे चित्राच्या कोपऱ्यावर मातीचा अंगठा उमटलेला असतोच.

मी नोकरीत नवा होतो, घरातला पहिला पदवीधर. त्यांच्या चित्रातली हंडेवाली म्हणत होती, "पाणी आलं न्हाई." मी ते "पाणी आले नाही" असं शुद्ध करून छापलं. संपादक भडकले. "चित्राचा जीव घेतला. ज्यानं केलं त्यानं उद्यापासून येऊ नये."

नवं चित्र द्यायला शिरूरहून आलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मीच बदलाया सांगितलं."

बाहेर आल्यावर मला एवढंच विचारलं, "तुझी आई घरी कशी बोलती रं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र पाठवलं: "बाई, साहेबांना खरं सांगितलं. रागावले, पण नोकरी हाय. आईला चित्र दाखवून ओळ वाचून दाखवली. ती म्हणली, हंडेवाली आपल्यातलीच दिसती, पर बोलती मास्तरणीवानी."