सभासद-वार्ता

परवा दुकानात लोकरी ब्लँकेट उलगडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि हैदराबादेतल्या नारायणगुड्यातला तो हॉल आठवला. पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा होता. आमच्या सेवामंडळाची गुरुवारची बैठक चालू होती. गरिबांना वाटायच्या ब्लँकेटांची चळत टेबलावर होती.

बैठकीच्या शेवटी चिटणीस वकीलसाहेब सभासद-वार्ता वाचत, कुणाचं बारसं, कुणाची बढती. त्या दिवशी माझ्याकडे बघून ते कौतुकाने हसले. "आपल्या शेठजींची मंडळी आज संध्याकाळी..."

 बायको-मुलं गुपचूप सिकंदराबादहून सोलापूरला निघणार होती. बायकोने वकिलीणबाईंचा निरोप घेतला असणार. गाव सोडणाऱ्यांना तेव्हा रझाकार स्टेशनवर अडवत, आणि हॉलचं दार भर रस्त्यावर सताड उघडं होतं.

मी एक ब्लँकेट उचलून त्यांच्यापुढे आपटलं. "हा माल कुणी पसंत केला? गोणपाट आहे नुसतं! मेहुण्याच्या दुकानातून उचललंत ना?"

"शेठ, जबान संभाळा!"

"नक्को! आधी जवाब द्या!"

माल चांगला होता, हाताला लागताच कळलं होतं. पण मी ओरडत राहिलो. शेवटी दोघांनी दंड धरून मला बाहेर काढलं. वार्ता अर्धीच राहिली.

बायको-मुलं सुखरूप पोचली. पुढच्या गुरुवारी वार्तेत माझंच नाव होतं: गैरवर्तनाबद्दल सभासदत्व रद्द. टाळ्या पडल्या म्हणे.

घासाघीस करताना गिऱ्हाईक अचानक भडकलं, तर मीसुद्धा थांबून कारण विचारतो. त्या शिकलेल्यांपैकी एकानेही मला विचारलं नाही.