न बांधलेल्या विमानात

मंगळवारी माझा धाकटा भाऊ टाकीवरून पडून वारला. त्याचा फोटो मी नांदेडच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे दिला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कागदावर आखलेली, पण कधीच न बांधलेली लढाऊ विमानं हा माणूस रंगवतो आणि दुकानभर टांगतो. बोलण्याआधी काचेवर फुंकर मारतो.

फोटो आणायला गेलो, तर एका चित्रातल्या विमानात भाऊ बसला होता. हसताना बारीक व्हायचा तसा डावा डोळा बारीक झालेला. फोटोत तो हसत नव्हता.

"तुम्ही त्याला कधी पाहिलं होतं?"

"न्हाई, सर." त्यानं फुंकर मारली. "फिकीर करू नका. हे इमान कुणी बनवलंच न्हाई. पडंल कुठून?"

फोटो घरी भिंतीवर आहे. भावाला बघायला मी दुकानात जातो.