कोरडं गाव

माझ्या आत्याला एखाद्या राजाच्या दरबारी ठेवलं असतं, तर तिनं त्याची मोहीम बिनचूक आखून दिली असती आणि वर राजालाच चार शब्द सुनावले असते. माणूस घराबाहेर पडतो तो कुठंतरी पोचायला, असं आपण समजतो. भाज्याच्या माझ्या आत्याचं तसं नाही. तिच्या लेखी खरा प्रवास निघण्याआधीचा. पोचणं हे नुसतं उरलंसुरलं काम. लोणावळ्याच्या बाजाराला जायचं तर आदल्या दिवशी पिशव्या उलट्या करून झटकायच्या, मळवलीच्या फलाटावर गाडीच्या कितीतरी आधी जाऊन बसायचं, आणि गाडी आली की डब्यातल्या लोकांकडं असं बघायचं, जणू उशीर त्यांनीच केलाय. पण तिची खरी खोड निराळी. नव्या ठिकाणी ती एकदम कधी जात नाही. आधी बघून येते. घोरावाडीला लांबच्या नात्यात लग्न होतं. ही आदल्या आठवड्यात एकटी जाऊन मांडव कुठं पडणार, ऊन कुठून येणार, पाण्याची टाकी कुठं, म्हाताऱ्यांनी टेकायचं कुठं, सगळं बघून आली. मुलीकडच्यांना वाटलं, नवरदेवाकडून कुणीतरी चौकशीला आलंय. त्यांनी घाबरून पोहे केले आणि मुलीला पुन्हा साडी नेसवून समोर बसवलं. आत्यानं पोहे खाल्ले, मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, "पसंत हाय" म्हणाली आणि निघून आली.

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तिला चिडवायची एक संधी सोडत नाहीत. एकदा म्हणाले, "हिला सर्गातनं बोलावणं आलं, तरी ही आदी कुनाला तरी पुढं धाडंल."

आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमालाच धाडीन."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी जिथं तिथं सांगतो, कारण ते खरं आहे. इंजिनिअर झालो, आणि सध्या सौदी अरेबियात तबूकला एका बांधकामावर आहे. तिथून गाडीनं निघालं की काही तासांत जॉर्डनची हद्द लागते आणि हद्दीपलीकडं पेट्रा, म्हणजे वाळवंटातल्या डोंगरात कोरून काढलेलं फार जुनं शहर. बरोबरच्या पोरांचं तिकडं जायचं घाटत होतं, म्हणून मी त्याचे फोटो सहज आत्याला पाठवले. लेण्यांच्या पायथ्याशी सगळा संसार केलेल्या बाईला कोरीव खांबांचं काय कौतुक, असं वाटलं होतं. तर लगोलग तिचा फोन.

"तितं आता कोन राहतं?"

"कुणी नाही गं. ओस पडलंय. लोक नुसते बघायला येतात."

"आन पानी?"

"वाळवंट आहे आत्या. पाणी कुठलं?"

"म्हंजी घरं कोरडीच हायत." मग म्हणाली, "मला न्हे तितं."

आत्याचं माहेर, म्हणजे माझ्या वडलांचं गाव, पवनेच्या धरणात गेलं. ती नुकतीच लग्न होऊन भाज्याला आली होती, आणि माहेरपणाला जायला गावच उरलं नाही. वडलांपुढं त्या गावाचा विषय काढला तर ते उठून गोठ्याकडं जातात. आत्याही कधी बोलली नव्हती. त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, "लोकं सोडून गेली तरी जागची न हाललेली घरं कशी दिसत्यात, त्ये मला बघायचंय. माझं गुडघं चालत्यात तवर. म्होरल्या साली न्हाई चालायची ती."

मोहीम सुरू झाली. गुडघ्यांना वळण लावायला ती रोज सकाळी भाज्याच्या लेण्याच्या पायऱ्या चढू लागली. मामांना हसू आवरेना. "लेनी डोक्यावर हाय, लगीन झाल्यापास्नं कदी चढली न्हाई, आन आता निगाली अरबस्तानात!" आत्याचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे तिला लेण्यावरची नोकर समजून काहीबाही विचारायचे. "मावशी, या स्तूपांत काय आहे?" "मला काय ठावं? मी गुडघ्यासाठी आलीय." पण कुणाला धाप लागलेली दिसली, की त्याला हाताला धरून पायरीवर बसवायची आणि श्वास कसा घ्यायचा यावर पाठ द्यायची. पासपोर्टच्या फोटोवाल्यानं डोक्यावरचा पदर मागं घ्यायला सांगितला, तर त्यालाच म्हणाली, "तुज्या आईचा घेतलास का मागं?" अखेर पदरासकट फोटो निघाला, आणि चालला. व्हिसाची भानगड मी तिला नीट समजावली. सौदीचा व्हिसा एकदाच आत येण्याचा निघाला, तर हद्द ओलांडून जॉर्डनला गेल्यावर मागं फिरता येणार नाही.

"म्हंजी म्हायेराला गेलेल्या बाईला सासरचं दार बंद?"

"तसंच."

"मग दोनदा उघडंल असं दार माग."

तसा मागितला, तसा मिळाला. आणि मग, मला वाटलंच होतं, हुकूम सुटला: "आदी तू जाऊन बघून ये." गेलो. बरोबरची पोरं महालाएवढ्या दर्शनी भिंतीपुढं फोटो काढत होती, आणि मी इंजिनिअर माणूस फोन हातात धरून सावली कुठं, बाकडं कुठं, संडास किती लांब, हे आत्याला दाखवत फिरत होतो. फोनमध्ये तिच्या मागून मामांचा आवाज आला, "झालं की मग! घरबसल्या बघितलंस. वाचला खर्च." आत्या म्हणाली, "त्यानं बघितलं. म्या कुटं बघितलं?"

थंडीत ती आली. मामा म्हशींपाशी राहिले. नऊवारीखाली पांढरे बूट घालून आत्या अशी चालली, की हद्दीवरच्या अधिकाऱ्यानं शिक्का मारताना मान लववली. पेट्राच्या अरुंद घळीतून घोडागाडीत न बसता ती पायी गेली. घळ संपून ती गुलाबी, खांबांची दर्शनी भिंत समोर आली, लोक आ वासून उभे राहिले. आत्यानं मळवलीच्या एखाद्या बंगल्याकडं बघावं तसं बघितलं. "चांगलं केलंय. पन मानसं कुटं राहायची?"

पुढं वाटेच्या कडेला एक काळ्या झग्यातली म्हातारी चहा विकत होती. आत्या तिच्याशेजारी दगडावर टेकली. माझ्या मोडक्या अरबीत मी म्हातारीला तेच विचारलं, माणसं कुठं राहायची. तिनं डोंगरातल्या एका साध्या, चौकोनी भोकाकडं बोट केलं. म्हणाली, मी तिथं जन्मले. आम्ही सगळे या कपारींतच राहायचो. मग आम्हाला उठवून पलीकडं वसाहतीत घरं दिली. आता दिवसभर इथं चहा विकते, संध्याकाळी तिकडं जाते.

मी मराठीत सांगितलं. आत्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "हिला इचार, चूल कुटं व्हती."

मला विचारावं लागलंच नाही. आत्यानं हातानं फुंकणी धरल्यासारखं केलं, आणि म्हातारी हसली. आत्याचा हात धरून तिला वर घेऊन गेली. मी मागं मागं. आत छत धुरानं काळं झालेलं होतं. दोघी पाय लांब करून बसल्या आणि एकदमच बोलायला लागल्या, एक अरबीत, एक मावळीत. कुणालाच माझी गरज नव्हती. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. म्हातारी आपल्या घरातली एकेक जागा दाखवत होती, आणि आत्या त्याच भिंतींत, त्याच काळ्या छताखाली, आपलं घर मांडत होती. "ह्ये आमचं जातं. हितं पान्याची कळशी. ह्या अंगाला आबा निजायचं." मग तिनं माझ्याकडं मान वळवली.

"आन हितं वर झोळी टांगलेली असायची. त्यात तुजा बाप. लय रडका."

मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात ती ओरडली, "आरं, पायातलं काड की!"

बूट बाहेर काढून ठेवले आणि वडलांच्या घरात गेलो.