पुढच्या भागात वाइंडिंग

१२ एप्रिल, रविवार. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा हाटायचा होता. ज्वारी तीन दिवस भिजवून, निथळून, गिरणीतून काढून आणली होती. पहाटे पाचला गच्चीवर चूल पेटवली, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात मीठ, जिरं, तीळ, लसूण-मिरचीचं वाटण टाकलं. मग ज्वारी सोडून घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं, तो घाटा. बिबडी ऊन चढायच्या आत थापून व्हावी लागतात. ओल्या कापडावर हात फिरतो तोवरच काम सोपं. एकटीने होत नाही, म्हणून नणंद आदल्या दिवशीच गावाहून धुळ्याला आली होती. ती यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, सगळे तिला अक्काच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आमच्या दुकानाची किल्ली एका गृहस्थांना द्यायची होती. तेही मोटारी भरण्याचंच काम करतात आणि त्यांना जागा हवी होती. मी शुक्रवारी जवळजवळ होकार दिला होता.

दुकान यांचं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी वेढून भरायची, म्हणजेच वाइंडिंग. तीस वर्षं हेच केलं. नोव्हेंबरात यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात महिना-दीड महिन्यात कामाला लागला. घरात मिक्सर बिघडला तेव्हा यांनीच खोलून बसवला. वाचा मात्र परत येईना. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. गिऱ्हाईक बाहेर उभं, मोटार टेबलावर आणि मालक गप्प, असं दुकान चालत नाही. मी पाच महिने शटर उघडलंच नव्हतं.

बोलण्याच्या उपचारासाठी आम्ही आठवड्यातून एकदा जात होतो. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी विचारलं, "घरात कोणती भाषा बोलता?" मी म्हणाले, "मराठी." त्यांनी तसं लिहून घेतलं आणि चित्रांची कार्डं दिली. चेंडू, खिडकी, छत्री, घड्याळ. रोज संध्याकाळी मी एकेक कार्ड धरायची. "हे काय आहे?" हे कधी "शे" म्हणून सुरुवात करायचे, की मी लगेच, "आहे म्हणा. खिडकी आहे." मग तेही थांबायचं. मी शिक्षकाची मुलगी, फैजपूरकडची. आमच्या माहेरची बोली वेगळी, यांची वेगळी. लग्न झाल्यावर ठरवलं होतं की घरात पुस्तकी मराठी बोलायचं, मुलगी शिकताना अडखळायला नको. यांनी ते ऐकलं. दुकानात अहिराणी, उंबरठ्याच्या आत मराठी. मुलगी शिकली, जळगावला नोकरीला लागली, त्यामुळे मी चुकले असं तेव्हा मला कधी वाटलं नाही.

बाप-लेकीचा एक शौक होता, ते सिनेमे. चित्रकथांच्या पुस्तकांवरून काढलेले, मुखवटा घातलेल्या एका माणसाचे. त्याच्या हातातून वीज निघते. चार भाग झाले. प्रत्येक भागाला हे जळगावला जायचे, दोघं बघून यायचे आणि येताना गाडीत भांडायचे. मी एकदाच गेले. तो पोशाख धुतो कोण आणि पावसात भिजला तर त्याला शॉक कसा लागत नाही, हे दोन प्रश्न विचारल्यावर मला पुन्हा कोणी नेलं नाही. चौथ्या भागाच्या शेवटी त्याच्या हातातली वीज जाते, तो उंचावरून खाली पडतो आणि तिथेच पडदा. पाचव्या भागाचा पत्ता नाही. म्हणून त्या सिनेमाच्या वेड्यांनी फोनवर गट केला आहे आणि प्रत्येकजण पुढे काय व्हावं ते लिहितो. मुलगी त्यात आहे.

सातच्या सुमारास तिचा फोन आला. माझे हात घाट्यात, म्हणून अक्काने स्पीकरवर टाकून तो पाण्याच्या टाकीवर ठेवला. हे सावलीत बसून काठीने कावळे हाकत होते. वाटीत घाटा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल.

"पप्पा, ऐका, काय काय लिहिलंय लोकांनी," मुलगी म्हणाली. "एक म्हणतो त्याचा जुळा भाऊ निघेल. एक म्हणतो काळ मागे फिरवायचा, म्हणजे तो पडलाच नाही. एकाने दुसऱ्या ताऱ्यावरून दगड आणलाय, तो छातीवर ठेवला की वीज परत."

"दगड ठेवून काय होणार आहे?" मी म्हणाले.

"आई, तू घाटा बघ. पप्पा, तुम्ही सांगा. पुढे काय करायचं त्याचं?"

यांनी वाटी खाली ठेवली. "तो... तो..." कपाळावर आठ्या. मला राहवलं नाही. "नायक म्हणा. ना-य-क."

हे काठी उचलून पुन्हा कावळ्यांकडे बघायला लागले.

"वहिनी," अक्का म्हणाली, "घाटा करपी तुना. तिकडे ध्यान दे." मग थापता थापता, मान वर न करता, "काय व्हयनं रे भाऊ त्या गडीले?"

यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्यानी वाइंडिंग जळनी."

मी हाटणं थांबवलं. पाच महिन्यांत सलग तीन शब्द मी ऐकले नव्हते.

"बठ्ठी?" सगळीच का, असं अक्काने विचारलं, जसं काही शेजारच्या शेतातल्या मोटारीचं बोलणं चाललं आहे.

"नही. एकच बाजू." मध्ये बराच वेळ गेला. अक्काने घाई केली नाही, एक बिबडं थापून पूर्ण केलं. "खोलनी पडी. जळेल तार काढनी पडी."

"मंग?"

"नवी भरनी. एक एक वेढा मोजीसन."

फोनमधून मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, त्याला उघडणार कोण?"

"मी," हे म्हणाले. जणू हे विचारायची गरजच नव्हती.

"त्याले माय शे का नही?" अक्काने मध्येच विचारलं. तिने त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही.

"आहे ना आत्या. पहिल्या भागात होती."

"मंग तिले आन पिक्चरमा. पोऱ्या पडेल शे आनि ती घर बसी काय करी राह्यनी?"

हे हसले. तोंड थोडं वाकडं होतं हसताना, पण आवाजासकट हसले. मग पुढचं सांगायला लागले. शब्द अडत होते, एकेका जागी मी मनात दहापर्यंत मोजले, पण ओठ मिटून ठेवले आणि घाटा हाटत राहिले. मोटार भरली की लगेच विहिरीवर नेऊन लावायची नाही. "पह्यले खाली चालावनी. लोड नही देवाना." टेबलावर रिकामी फिरवून बघायची, आवाज ऐकायचा, हात लावून गरम होते का बघायचं. मग थोडा भार. मात्र चालवायची रोज. "भरेल मोटार पडी राह्यनी ते ओल धरस."

"आणि मग पप्पा, तो उडतो?"

"थ्री फेज रातले येस," हे म्हणाले. "तो रातलेच उडी."

शेतातल्या पंपांना वीज बहुतेक रात्रीच मिळते. अक्का इतकी हसली की तिच्या हातातलं बिबडं कापडावर दुमडलं गेलं. ते उचलून तिने यांच्या वाटीत टाकलं.

मुलीने सगळं जसंच्या तसं, याच बोलीत, त्या गटावर लिहून टाकलं. दुपारी तिचा पुन्हा फोन. काहींनी हसण्याची चित्रं पाठवली होती. एकाने लिहिलं होतं, वीजवाल्या नायकाला पंप समजणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. सुरतला राहणाऱ्या एकाने लिहिलं, माझी आजी असंच बोलायची, आणखी लिहा. आणि एकाने विचारलं होतं, नायक किती एचपीचा?

हे जेवत होते. घास तसाच हातात धरून त्यांनी विचार केला. "तीन," म्हणाले.

जेवणं झाल्यावर अक्का आडवी झाली. मी गच्चीवर गेले. बिबडी कडेने उचलायला लागली होती. कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं आणि एकेक सोडवून पलटवायला घेतली. हे काम हातांना पाठ आहे, डोकं मोकळं राहतं. उपचाराच्या त्या बाईंना "मराठी" म्हणाले होते मी. उंबरठ्याच्या आतलं तेवढं सांगितलं होतं. माणूस दिवसातले दहा तास उंबरठ्याबाहेर बोलत होता, हसत होता, शिव्या देत होता, ते मला आठवलंच नाही. आजारी पडल्यावर तो आधी कुठल्या शब्दांपाशी जाईल, हेही डोक्यात आलं नाही. ते शब्द आले की मीच त्यांना उंबरठ्यावर अडवत होते. पाच महिने. यात उपचार करणाऱ्या बाईंचा दोष नाही. त्यांनी सरळ विचारलं होतं.

दुकानात येणारं गिऱ्हाईक बोलतं तरी काय? साक्रीचा असो की शिंदखेड्याचा, मोटार खाली टाकून म्हणतो, "दख भो, काय व्हयनं." त्याला खिडकी आणि छत्री म्हणून दाखवायची नाही. तो थांबून उत्तर ऐकेल का, हा प्रश्न होता. काहीजण थांबणार नाहीत. अक्का थांबली होती, पण ती बहीण. मी हिशोब मांडून बघितला, तर दोन्हीकडे वजन सारखंच पडत होतं. मग वाटलं, बंद शटरमागे बसून हे कळायचं नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. जन्मात पहिल्यांदा यांच्या बोलीत बोलले आणि ते वाईटच बोलले असणार, कारण अक्का तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली. "सकायले दुकान खोलानं का?"

"तू उघड," हे म्हणाले. शुद्ध मराठीत. "मी बसतो."

सोमवारी सकाळी सात वाजता मी शटर उघडलं. पाच महिन्यांची धूळ होती. झाडलं, टेबल पुसलं, बोर्डावरचे दोन फ्यूज बदलले. दहाला ते गृहस्थ आले. मी त्यांची माफी मागितली, चहा पाजला आणि काल थापलेल्या बिबड्यांची एक पिशवी दिली, अजून एक ऊन द्या म्हणाले. ते नाराज झाले, ते होणारच होते. त्यांच्या मागोमाग एक शेतकरी जुनी मोटार रिक्षात टाकून आला. उतरवायला मी हात लावला. हे वाकले, मोटारीचा वास घेतला, आणि थोड्या वेळाने, अडखळत, काय झालं ते त्याला सांगितलं. तो थांबला. त्याला घाई नव्हती, दुसरी मोटार शेतावर चालू होती.

मोटारीला बांधायला चिठ्ठी लागते, नाहीतर कोणाची कोणती कळत नाही. माझ्या पिशवीत ती चित्रांची कार्डं होती, मागून कोरी. छत्रीचं कार्ड काढून भोक पाडलं, तार ओवली. हे सांगत गेले तसं मागे लिहिलं: तीन एचपी, साक्री, एक बाजू जळनी. मग पावणेअकराला घरी परत आले, कारण बिबडी दुसऱ्या उन्हाला टाकायची राहिली होती.