इंजिन सीटच्या मागे

गाडीशेजारी बाई उभी दिसली, की तुमचे डोळे तिच्या नवऱ्याला का शोधतात हो?

कॅनडातल्या केंब्रिजची वनिता सरोदे कारखान्यात गाड्यांना दारं बसवते. पण तिचा जीव जडला तो क्यूबेकच्या एका कोठारात धूळ खात पडलेल्या फ्रेंच ‘जेट’वर. साठच्या दशकातली स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी, चौघांनी ढकलली तर खेळण्यासारखी सरकणारी. दोन विंटर वनिता बेसमेंटमध्ये तिचे पार्ट घासत बसली. आज पार्कात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथला नियम एकच: गाडी स्वतःच्या इंजिनवर आत यायला हवी. वनिताचा हट्टही एकच: स्टिअरिंगवर आपण.

निघताना सासूबाई, ताराबाई, पूजेचं ताट घेऊन ड्राइव्हवेत आल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढचं बोनेट उचललं आणि थबकल्या.

“वनिता, इंजिन चोरीला गेलं गं.”

“आई, ती स्टेपनी. इंजिन सीटच्या मागे आहे.”

“फ्रेंचांचं सगळंच उफराटं,” म्हणत ताराबाईंनी इंजिन गाठलं, कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. वनिता तेव्हा लिंबं नीट सरकवत होती. मग आली, काढून ठेवलेला एअर फिल्टर बसवला आणि निघाली. नवरा संजय आणि ताराबाई घरच्या गाडीतून मागोमाग.

पार्कच्या फाटकाशी तिनं अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तरी इंजिन बोंबलतच राहिलं. तिनं किल्ली फिरवून ते बंद केलं. फाटकावरचा गोरा स्वयंसेवक तिला ओलांडून थेट संजयकडे गेला.

“सर, काय झालं गाडीला?”

संजयच्या हातात चिवड्याचा डबा. “मला काय विचारता? मी विंटर टायरसुद्धा बायकोकडून बदलून घेतो.”

“मग ढकलून घेऊ आत. नियमाकडे कानाडोळा करतो आम्ही.”

“हात लावायचा नाही,” वनिता म्हणाली. असल्या मेहरबानीनं तिचं डोकंच फिरतं.

तिनं फिल्टर काढला. कार्ब्युरेटरच्या झडपेत कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा अडकला होता. तिनं सासूकडे पाहिलं. ताराबाईंनी गुपचूप अंबाड्यातला आकडा काढून दिला.

“देवापर्यंत पोचल्या वाटतं माझ्या अक्षता.”

“वाटेत अडकल्या, आई.”

दाणा निघाला. किल्ली फिरली. इंजिन शहाण्यासारखं गुरगुरलं आणि वनितानं जेट दिमाखात आत नेली. लगेच चारपाच टोपीवाले गाडीबद्दल विचारायला संजयभोवती जमले. त्यानं चिवड्याचा डबाच बायकोच्या दिशेनं रोखला.

पुढच्या मेळाव्याला आलात तर एवढं करा: बोनेट उचलू नका, संजयला गाठू नका. इंजिन कुठे आहे, ते वनितालाच विचारा.