उजवीकडे पुरती न वळणारी जीप

आमच्या जीपचं स्टेअरिंग जड होतं, आणि ते जडच राहावं असं मला मनापासून वाटायचं.

जीप बाबांची. अमरावतीच्या कोर्टात वकिली करत असताना त्यांनी ती जुनीच घेतली होती. कापडी टपाची, चारही चाकांना जोर असलेली. मोर्शीकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि तिथे जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात बाकी गाड्या तिथे रुतून बसतात, ही जाते. पण तिला वळवायचं तर दंडात ताकद पाहिजे. सहा वर्षांपूर्वी बाबांचा उजवा खांदा आखडला आणि चावी माझ्याकडे आली. बायकोनं एकदा फाटकापर्यंत नेऊन पाहिली आणि तिथेच उतरली. ‘तुमचं हे धूड तुमीच ओढा,’ म्हणाली. मी तोंडदेखलं हसलो, पण आतून फार बरं वाटलं.

कारण घरात माझी तेवढी एकच गोष्ट होती. मी शाळेत गणित शिकवतो. माझ्याबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं बाबांकडे फारसं काही नाही. धाकट्या भावाबद्दल पुष्कळ आहे. तो अकोल्याला असतो, ठिबकच्या नळ्या विकतो, आणि बाबांना त्याचं कौतुक करायला कारणही लागत नाही. पण दसऱ्याच्या दिवशी जीप फक्त मी चालवायचो.

आमच्याकडे दसऱ्याला जीपची पूजा होते. चावी ताम्हणात, हळदकुंकू लावून. पूजा झाली की बाबा ती चावी एकाच्या हातात देतात. त्यानं सगळ्यांना बसवून शिवेपार, बगीच्यापर्यंत न्यायचं, आपट्याची पानं घ्यायची आणि परत यायचं. त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याला सगळ्यांत आधी सोनं मिळतं, तेही बाबांच्या हातचं. सहा वर्षं ते मला मिळालं. सातव्या वर्षी भावानं घोळ घातला.

त्यानंही अकोल्याला तसलीच एक जुनी जीप घेतली होती आणि तिचा स्टेअरिंग बॉक्स काढून पॉवरचा बसवला होता. म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो बॉक्समध्ये तेल दाबतो, आणि आपल्या दंडाचं काम तेल करतं. बाबा श्रावणात आठ दिवस त्याच्याकडे राहून आले. आल्या आल्या, पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणाले, “त्याची जीप एका बोटानं फिरते.” रात्री जेवताना पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले, त्यांनाही तेच. बार्शीटाकळीकडच्या खड्ड्यांतून कशी लोण्यासारखी गेली, वगैरे. मी पोळी चावत होतो की दात, माझं मलाच कळत नव्हतं.

“आपल्या जीपलेही बसवून देतो म्हणून राहिला तो,” बाबा म्हणाले.

“कायले? मी चालवतो ना,” मी म्हणालो.

“तू चालवतं. पण घाम किती गायतं!”

सहा वर्षं मी ज्या घामाच्या जोरावर मिरवलो, तो घाम बाबांच्या लेखी माझी अडचण होती.

नवमीला भाऊ सकाळीच अकोल्याहून आला. कारच्या डिकीत बॉक्स, पंप, तेलाच्या नळ्या, हत्यारांची पेटी. बडनेऱ्याला आमचा नेहमीचा मिस्त्री आहे, त्याच्या शेडमध्ये जीप नेली. मिस्त्रीनं आधीच सांगून ठेवलं होतं, “पाच वाजेलोक काय ते करून घ्या भाऊ. पाचले मी हत्यारं पूजेत मांडतो. मंग दसरा झाल्याबिगर पान्याले हात लावू देत नाई मी कोनाले.”

भावाला सगळं स्वतःच्या हातानं करायचं होतं. मिस्त्रीनं बॉक्स जिथे बसतो तिथे चासीला जाड पट्टी वेल्डिंग करून दिली, कारण नवा बॉक्स जोर जास्त लावतो आणि जुनी चासी तिथेच तडकते. बाकी भाऊच करत होता, बाह्या सरसावून, शीळ घालत. मी स्टुलावर बसून पाने हातात देत होतो. शाळेत मुलांनी मला असं पाहिलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता.

साडेचारला शेवटचं काम राहिलं, बॉक्सचं सेंटर काढायचं. सोपं असतं. बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, किती फेरे होतात ते मोजायचे, निम्मे मागे यायचं. तिथे चाकं सरळ धरून खालचा आर्म, म्हणजे बॉक्सला चाकांशी जोडणारा दांडा, बसवायचा. म्हणजे गाडी डावीकडे जेवढी वळते तेवढीच उजवीकडे वळते. भाऊ फिरवत होता आणि तोंडानं मोजत होता. मधेच त्याला अकोल्याहून फोन आला. खांद्यानं फोन कानाशी दाबून तो कोणाला तरी नळ्यांचा भाव सांगत राहिला आणि हात फिरतच राहिले. फोन झाल्यावर म्हणाला, “तीन.”

चार झाले होते. मी मोजत नव्हतो, पण वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आकडे आपोआप पडतात.

तो उजव्या टोकापासून दीड फेरा मागे आला. दोन यायला हवं होतं; आता गाडी उजवीकडे अर्धा फेरा कमी वळणार होती.

“सेंटर बराबर काढलं ना?” मिस्त्रीनं लांबून विचारलं. तो उदबत्ती शोधत होता.

“एकदम,” भाऊ म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. “हाय ना, दादा?”

मी म्हणालो, “हो.”

घरी येताना त्यानंच चालवली. खरोखर एका बोटानं. बडनेरा रस्ता सरळ आहे, आणि आमच्या फाटकातून आत यायचं वळण डावं आहे. त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही. पण बाहेर पडताना उजवीकडे वळावं लागतं, तेही पुरतं, कारण समोर उघडी नाली आहे आणि पलीकडे शेजाऱ्यांची भिंत. उद्या बाबा चावी त्यालाच देणार, हे मला ठाऊक होतं. सगळे बसलेले असतील, गल्ली बघत असेल, आणि हा अकोल्याचा कारागीर पहिल्याच वळणावर चाक नालीत घालेल. मला त्या रात्री शांत झोप लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली.

दसऱ्याला दुपारी पूजा मांडली. बाबांची कायद्याची पुस्तकं, त्यांच्या शेजारी आमचे पाने, जॅक, भावाची पेटी, सगळ्यांवर झेंडूची फुलं. जीपला हार. बाबांनी आरती केली, ताम्हणातली चावी उचलली. मी भावाकडे पाहत होतो. त्यानं हात पुढे केलाच होता.

बाबांनी चावी कोणालाच दिली नाही. धोतर जरा वर खोचलं, जीपच्या पायरीवर पाय दिला आणि स्वतः स्टेअरिंगमागे जाऊन बसले.

“बाबा!” बायको आणि भाऊ एकदमच म्हणाले.

“अकोल्याले चालवून पाह्यली म्या याची,” बाबा म्हणाले. “तुमाले सांगतलं नाई. आता खांदा लागतच नाई ना.” त्यांनी स्टेअरिंगवर हात फिरवला. सहा वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. माझ्या शेजारी बसून बगीच्याला जातानाही नाही, माझ्या हातात सोनं देतानाही नाही.

इंजिन सुरू झालं. बाबांनी जीप फाटकाकडे सोडली.

“थांबा!” मी ओरडलो आणि बॉनेटसमोर जाऊन उभा राहिलो. “उजवीकडं पुरी नाई वयत ते. सेंटर चुकलं हाय.”

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. “तुले कसं माहीत?”

मी सरळ पूजेकडे गेलो आणि जॅक उचलला. बायको म्हणाली, “अहो, पूजेतली हत्यारं! शीव ओलांडल्याशिवाय नाही उचलत.” मीही गांगरलो. या घरात ते कधी कोणी केलं नव्हतं. सगळे बाबांकडे पाहू लागले.

“उचल,” बाबा म्हणाले. “चाक नालीत गेल्यावर कोन्ती शीव ओलांडतं?”

आम्ही दोघं नव्या कपड्यांत जीपखाली शिरलो. पान्याला कुंकू होतं, ते माझ्या बोटांना लागलं, ग्रीससोबत. जॅकनं पुढची चाकं उचलली, भावानं पुलर लावून आर्म काढला. बाबा वर बसून बॉक्स फिरवत होते आणि कोर्टात तारीख वाचावी तसे खणखणीत मोजत होते.

“एक. दोन. तीन.” मग जरा थांबून, “चार.”

भावानं मान वळवली. आमची तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर होती.

“तू मोजले होते,” तो म्हणाला.

“हो.”

“मंग बोलला काहून नाई?”

“तुझं हसं व्हावं म्हणून.”

वर बाबांनी स्टेअरिंग दोन फेरे मागे घेतलं, तसा त्यानं चाकं सरळ धरून आर्म बसवला. नट आवळायला लागला, गरजेपेक्षा पुष्कळ जोरात. मला वाटलं, पाना फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. वरून बाबांचा आवाज येत नव्हता, पण कापडी टपाच्या जीपमध्ये खालचं सगळं वर ऐकू जातं.

जीप खाली घेतली. भाऊ हात न पुसताच मागे जाऊन बसला. मीही मागेच चढत होतो, तर बाबांनी डावीकडच्या जागेवर थाप मारली. “तू इथं बस.”

फाटकातून जीप सहज वळली. नाली, भिंत, दोन्ही बाजूला राहिली. बाबांनी एकदाही मागे घेतली नाही. मला तिथे नेहमी दोनदा मागे घ्यावी लागायची.

मोर्शी रस्त्याला लागेपर्यंत मी भाषणाची वाट पाहत होतो. वकील माणूस, सोडणार नाही असं वाटलं. बाबा समोर बघत चालवत राहिले. मग हळू आवाजात, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, “सहा वर्सं म्या, तू बसला त्या जागेवर बसून, तुह्या हाताकडं पाह्यलं. रोज वाटे, एकडाव तरी याचा हात चुकला पायजे.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“माही होती ना जीप,” ते म्हणाले.

बगीच्याकडचं वळण आलं, उजवं, काळ्या चिखलातलं, मला घाम फोडणारं. बाबांनी ते गुणगुणत घेतलं. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.