शिवाकाकांचं नवीन कुलूप

२००३ सालची, विजयदुर्गची गोष्ट. सकाळी आठ वाजता जेटीजवळच्या आमच्या वर्कशॉपवर गेले, तर बाबांचं जुनं कुलूप काढून तिथे नवीन कुलूप लावलेलं...

होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं ते वर्कशॉप बाबा आणि शिवाकाका, दोघांचं. नात्यातले नाहीत, पण वीस वर्षांचे पार्टनर. महिन्यापूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला, गोव्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. मी कोल्हापूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नुकतीच परतले होते. ठरवलं, बाबांच्या जागी आता मी उभी राहणार.

काका आले, खिशातल्या किल्लीने ते कुलूप काढून शटर उघडलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हंय चेडवाचा काय काम? गणपतीनंतर मी शिरोड्याक जातंय. माझा येगळा करतलंय." चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

घरी सांगितलं तर मामा म्हणाला, वकील गाठ, नोटीस धाड. कणकवलीच्या वकिलांची वेळसुद्धा त्याने घेतली. मी गेले नाही. नोटीस गेली की मग काका आमच्या दारात कधीच येणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता परत वर्कशॉपला गेले. तिसऱ्या दिवशीही... काका बोलायचे नाहीत. मी पान्हे डिझेलने पुसून ठेवायचे, इंजिन उघडलं की शेजारी उभी राहून बघायचे. जाणारे-येणारे हसायचे. एकदा घरी येऊन खूप रडलेही. पण सकाळी पुन्हा चप्पल घातली.

असे दहा-बारा दिवस गेले असतील. एका होडीचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. एकट्याने उचलायची वस्तू नाही ती. इतकी वर्षं दुसरी बाजू बाबा धरायचे. काकांनी एकट्यानेच जोर लावला, तो सुटायला लागला... मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो खाली ठेवला.

काका तिथेच बसले, धापा टाकत. मी विचारलं, "काका, माझा काय चुकला?"

ते म्हणाले, "बापाशीक गोव्याक न्हेलात, माका कोणी सांगूक नाय. जेटीवर एका गिऱ्हायकान सांगल्यान तेवा समाजला. वीस वर्सा एका डब्यात जेवलंव आमी..."

त्या धावपळीत नातेवाईकांना फोन झाले, शेजाऱ्यांना निरोप गेले... आणि या माणसाला सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. भांडण वाटणीचं नव्हतंच. मी म्हटलं, "चुकला, काका. आमचा सगळ्यांचा चुकला."

दुपारी जेवायच्या सुट्टीत काका माझ्या मागोमाग घरी आले.

बाबा खाटेवर होते. काकांना बघून ओठ हलले, "शि...वा..." एवढंच निघालं. काका त्यांचा उजवा हात हातात घेऊन बसले. म्हणाले, "आता बरो हो. मी आसंय."

संध्याकाळी काका आणि मी वर्कशॉपात बसलो आणि साध्या वहीच्या कागदावर सगळं लिहून काढलं. कुठलं काम कोण बघणार, मोठी खरेदी एकमेकांना विचारूनच, आणि राग आला तर त्याच दिवशी तोंडावर सांगायचं. खाली दोघांच्या सह्या.

नंतर वाद झाले नाहीत असं नाही. खूप झाले! पण शिरोड्याचं नाव परत निघालं नाही.

वर्षभराने एका होडीवाल्याने इंजिनाचं काहीतरी विचारलं, तर काका डोकं वर न काढता म्हणाले, "तेका इचार. ता माझा पार्टनर आसा."

त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी पार्टनर म्हटलं. आज काका नाहीत. वर्कशॉप आहे, आणि माझ्या हातात जे काही कसब आहे त्यातलं निम्मं तरी त्यांचंच...